कुंदाचा चहातला केक

कुंदा मागच्या अंगणात बाजेवर मिरच्या वाळत घालत होती, तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून वास आला. त्यात चहा होता हे तिनं लगेच ओळखलं. चांगला कडक उकळलेला, दूध न घातलेला चहा. पण चहाच्या मागोमाग लोणी आलं, भाजलेली साखर आली, आणि शेवटी असं काहीतरी आलं की तिला नावच सापडेना. हातातली मिरची हातातच राहिली. कुंपणाच्या तारेजवळ जाऊन तिनं हाक मारली, "आंटी! ओ आंटी! क्या बना रहे हो?"

वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची वसाहत म्हणजे साऱ्या देशातली माणसं एका आवारात. कुंदाचा नवरा लीलाधर कारखान्यात मशीनवर होता. त्यांच्या क्वार्टरच्या एका अंगाला पारोळ्याची पुष्पाबाई राहायची आणि दुसऱ्या अंगाला जबलपूरहून आलेल्या ग्लोरिया आंटी. आंटींचे केस पांढरे झाले होते, पण उत्साह असा की सकाळी बागेला पाणी घालतानासुद्धा गाणं म्हणायच्या.

"आ जा, आ जा!" आंटी खिडकीतून ओरडल्या. "चाय का केक है!"

"चाय के साथ खाने का ना?"

"नहीं रे बाबा! चाय अंदर है!"

चहा, आणि तो केकच्या आत! कुंदा चपला घालायलाही थांबली नाही.

आंटींच्या ओट्यावर ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन होता, झाकणाला मध्ये वाटोळी काच. काचेतून आतला केक दिसत होता. वाढदिवसाचा असतो तसा गोल नाही, क्रीमबीम काही नाही. पावासारखा लांबट, विटेच्या आकाराचा, वर तपकिरी आणि मधोमध उभी चीर पडलेला. आंटींनी तो काढला, ताटलीवर पालथा केला, निवू दिला आणि सुरीनं काप पाडले. प्रत्येक कापात मनुका, खजूर, लाल चेरी टचटचीत फुगून बसलेल्या. आंटींनी सांगितलं, त्यांच्या आईची ही रीत. सुकी फळं आदल्या संध्याकाळी गरम कोऱ्या चहात भिजत घालायची. रात्रभर ती चहा पिऊन फुगतात. मग त्यांच्यात साखर, मैदा, अंडी कालवून भाजायचं.

"अंडी?" पुढे झालेला कुंदाचा हात मागे आला.

"दो," आंटी म्हणाल्या आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. "अरे, तू तो खाती नहीं!"

कुंदाच्या घरात अंडं शिरत नव्हतं. सासरीही नाही, माहेरीही नाही. म्हणून त्या दुपारी तिनं केक खाल्ला तो नुसत्या नाकानं. काप नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला: ह्यात आपली केळी घातली तर?

कुंदाचं माहेर रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, खिरवाडीत. तिथे अंगणापासून डोंगरापर्यंत केळीच केळी. ट्रकमध्ये चढायच्या वेळेपर्यंत जे घड जास्त पिकून जात, ते व्यापारी बाजूला काढी. कुंदाची माय, यशोदाबाई, ती केळी उभी चिरून धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर वाळवायची. वाळून ती मधासारखी काळसर, चिवट आणि गोड व्हायची. मायनं पाठवलेल्या तसल्या केळ्यांचा डबा कुंदाच्या फडताळात भरलेला होता. आणि चहा म्हटलं की कुंदाला दुसरं कोण आठवणार? आबा! तिचे वडील, कौतिक आबा. बशीत चहा ओतून, मिशा वर सारून, डोळे मिटून भुरका मारणारे आबा. मळ्यात मोटर चालू करायच्या आधी चहा, बंद केल्यावर चहा, पाहुणा आला की चहा, पाहुणा गेला म्हणून चहा. आबांसमोर चहाचा केक ठेवायचा! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचंच होतं. कुंदानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"आंटी, बिना अंडे का होगा क्या?"

आंटी हसल्या. "मालूम नहीं. तू बना के देख. ओव्हन ले जा, डिब्बा भी ले जा."

त्या संध्याकाळी कुंदानं केळी, मनुका आणि थोडी खारीक बारीक चिरून चहात भिजत घातली. सकाळी पाहिलं तर सगळी कशी गुबगुबीत, काळी, चमकदार! एक तुकडा तोंडात टाकला तर केळं आधी गोड लागलं आणि मग हळूच चहाचा कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला येऊन बसला. ती एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवून हसली.

पण केक काही हसला नाही. अंड्याच्या जागी तिनं नुसतं दूध घातलं होतं. पाव तासानं पाहिलं तर पीठ तसंच, आणखी पाव तासानं पाहिलं तर तेच, आणि बाहेर काढल्यावर त्याचा ताटलीवर असा आवाज झाला की शेजारून पुष्पाबाई धावत आली.

पुष्पाबाईला अहिराणीशिवाय बोलणं जमायचं नाही आणि मनातलं मनात ठेवणं तर त्याहून जमायचं नाही. तिनं बोटानं केक ठोकून पाहिला. "हाई काय शे वं कुंदा? हाई तं ईट शे माय!"

"केक आहे, पुष्पाबाई."

"बठ्ठी कॉलनी बांधाई जाई यामां," पुष्पाबाईनं साऱ्या कॉलनीच्याच भिंती उभ्या केल्या, पण कोपऱ्यातला एक तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला, दातांनी झगडत झगडत चावला आणि म्हणाली, "पण चव भलती भारी शे. सोडू नको."

हे 'सोडू नको' कुंदाला पुरलं. ती दिवसभर विचार करत राहिली. पीठ फुलत नाही, बरोबर? मग आपल्या घरात काय काय फुलतं? भाकरी वाफेनं फुगते. जिलेबीचं पीठ आंबून फुलतं. आणि ढोकळा? ढोकळ्याच्या पिठात दही असतं, वर खायचा सोडा पडला की कसा फसफसून वर येतो! कुंदा जेवणाच्या ताटावरून उठली. लीलाधर म्हणाला, "अगं, भात तरी संपव." ती म्हणाली, "अहो, दही! दही घालायचं!" लीलाधरला वाटलं भातात. त्यानं दह्याची वाटी पुढे सरकवली.

दह्याचा केक फुलला. काचेतून कुंदाला तो वर येताना दिसला आणि तिला राहवलं नाही. झाकण उचलून तिनं डोकावून पाहिलं. तिच्या डोळ्यांदेखत केकनं मधोमध मान टाकली आणि तो खचला, जुन्या धाब्याच्या माळवदासारखा. ग्लोरिया आंटींनी कानाला हात लावले. "ढक्कन नहीं खोलना, कुंदा! बच्चा सो रहा है समझ ले!"

पुढच्या खेपेला कुंदा ओव्हनसमोर पाट मांडून बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आंटी एका बाजूला, पुष्पाबाई दुसऱ्या बाजूला. तिघी काचेत बघत होत्या. पीठ हललं. कडेनं बुडबुडे आले. मग मध्यभाग उचलायला लागला, डब्याच्या काठाला आला, काठाच्या वर गेला, आणि त्याच्या पाठीवर हळूहळू एक चीर उमटली, आंटींच्या केकवर होती अगदी तशीच.

"फूल गया!" आंटी किंचाळल्या. "बिना अंडे का! फूल गया!"

"घर बठ्ठं घमघमी राह्यनं वं!" पुष्पाबाई पदरानं डोळे टिपत म्हणाली, आणि डोळे का टिपतोय हे तिचं तिलाही कळलं नसावं.

कुंदानं विणायची सुई खुपसून पाहिली, कोरडी निघाली. त्या दिवशी तिनं आपला चहाचा केक पहिल्यांदा खऱ्या अर्थानं खाल्ला. कड कुरकुरीत, आत ओलसर, केळ्याचा तुकडा दाताखाली आला की चहाचा घोट घेतल्यासारखं वाटायचं. लीलाधर कारखान्यातून आला, एक काप खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्याच्या वेळी म्हणाला, "आबा वेडे होतील."

"म्हणून तर!" कुंदा म्हणाली.

आखाजीच्या तोंडावर ती निघाली. केक डब्यातच ठेवलेला, वर ताटली, त्यावर स्वच्छ धडप्याची गाठ. लीलाधरला रजा नव्हती. तो चार दिवसांनी न्यायला येणार होता. भुसावळला गाडी बदलून ती रावेरच्या एसटीत बसली आणि डबा मांडीवर घेतला. वैशाखाचं ऊन, पत्र्याची गाडी, त्यात केक पुन्हा कोमट झाला आणि वास सुटला. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मान वळवली. फैजपूर येईपर्यंत निम्मी गाडी मान वळवून बसली होती. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. "ताई, काय आहे हो डब्यात?"

"केक आहे. चहातला."

"चहातला?" कंडक्टरनं मागे पाहून सगळ्यांना सांगितलं, "चहातला केक आहे म्हणतात!" मग सावदा येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नव्हता. चहा पातळ, केक घट्ट, मग हे जमतं कसं, यावर दोन पागोटेवाल्यांचं चांगलंच वाजलं. कुंदा खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत मनातल्या मनात हसत होती. आबा आधी वास घेतील, मग मिशा वर सारतील, मग म्हणतील...

खिरवाडीत घराच्या ओट्यावर आबा होतेच, शेजारी त्यांचे जन्माचे सोबती छगन नाना. माय धावत बाहेर आली, लतावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. शेजारच्या दोघीचौघी 'कुंदी आली, कुंदी आली' करत जमल्या. कुंदानं पाय धुतले न धुतले, डबा ओट्यावर ठेवला, गाठ सोडली आणि ताटली उचलली.

"काय आनलं वं कुंदे?" आबांनी मान पुढे केली.

"आबा, केक! माझ्या हातचा! आणि कशातला माहीत आहे? चहातला! नुसत्या चहात भिजवलेला, तुमच्यासाठी!"

लतावहिनीनं तांब्या खाली ठेवला. छगन नाना आबांकडे बघायला लागले, आबा केककडे, आणि माय कुंदाकडे. मग माय हळूच म्हणाली, "कुंदे, आबांनं चहा सोडला नही का? काशीले?"

कुंदानं हातातली ताटली छातीशी धरली.

तिला ठाऊक होतं. म्हणजे चांगलं ठाऊक होतं! त्याच वर्षी माघात आबा आणि माय गावातल्या मंडळींबरोबर काशीला जाऊन आले होते. काशीला गेलं की एक वस्तू गंगेत सोडायची, पुन्हा जन्मात तोंडाला लावायची नाही, ही रीत. आता माणसं शहाणी असतात. छगन नानांनी कारलं सोडलं, जे त्यांनी जन्मात कधी खाल्लं नव्हतं. मायनं रामफळ सोडलं. कोणी दोडका सोडला, कोणी गवार. वांगं मात्र कोणी सोडलं नाही; भरीत सोडायची छाती खिरवाडीत कोणाची नव्हती. आणि आबा? आबा गंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, आवडतं तेच सोडायचं तर चहा. नाना पाण्यातच ओरडले होते म्हणे, "कौतिक, अजून विचार कर!"

भाऊ वरणगावला आला होता तेव्हा त्यानं ही हकिगत कुंदाला रंगवून सांगितली होती आणि ती पोट धरून हसली होती. पण ऐकलेली गोष्ट कानातच राहते. कुंदाच्या मनातले आबा बशी धरून बसलेलेच आबा होते. तिनं त्यांना चहावाचून पाहिलेलंच नव्हतं. इतके दिवस ती केकच्या नादात अशी गुंतली की एकदाही, एकदाही तिला आठवलं नाही.

तिचे डोळे भरून आले. "आबा, मी... मी विसरलेच हो."

लतावहिनी हुशार. ती पटकन म्हणाली, "मामंजी, तुम्ही चहा प्यायचा सोडला. खायचा कोठी सोडला?"

"बरोबर!" छगन नाना मांडीवर थाप मारून म्हणाले. "पिनं येगळं, खानं येगळं!"

आबांनी डोकं हलवलं. रागावून नाही, हसूनच. "नाना, गंगामायच्या पान्यात उभं राहून बोललो. आता तिलेच शब्दात पकडू का मी? चहा म्हनजे चहा. पेला काय न चावला काय."

मग त्यांनी डबा स्वतःजवळ ओढला. "पन वास घेनं सोडलं नही मी," असं म्हणून ते केकवर वाकले आणि त्यांनी असा लांब श्वास घेतला की मिशा थरथरल्या. बराच वेळ ते वाकलेलेच होते. मग सुरी मागितली आणि स्वतःच्या हातानं काप पाडून एकेकाला द्यायला लागले. पहिला काप छगन नानांना.

"सांग, कसं लागते?"

"गोड लागते," नाना भरल्या तोंडानं म्हणाले.

"अरे, गोड तं गूयही लागतो! नीट सांग. चहा आधी येतो का मागून?"

"मागून येतो. केयं आधी येते, मंग चहा येतो. अन् मंग... थांब, आनखी एक दे, सांगतो."

आबांनी प्रत्येकाला असं विचारलं. मायला, लतावहिनीला, शेजारणींना, रस्त्यानं बैलजोडी घेऊन चाललेल्या वना गड्याला थांबवून. कोणी म्हणे दुधाशिवायच्या चहासारखं, कोणी म्हणे मधासारखं, वना म्हणाला, "पाऊस पडत असला अन् घरात बसलो असलो, तसं लागते," आणि आबांनी त्याला त्याबद्दल दुसरा काप दिला. डबा रिकामा झाला. आबांच्या तोंडात कणही गेला नाही, पण सगळ्यांत खूश तेच दिसत होते. कुंदाला ते बघवेना. ती उठून मागच्या अंगणात गेली.

मागे मोरीचं पाणी जिथे जातं तिथे गवती चहाचं मोठं बेट माजलं होतं. लांब लांब पाती, कुंदाच्या खांद्याला लागतील एवढी. आधी तो एवढा नव्हता. ती बघत राहिली. मागून माय आली.

"माय, हा इतका कधी वाढला?"

"तुह्या आबांच्यासाठी लावून ठेवला. रोज सकायी ह्याचाच उकाया पितात, अद्रक टाकून, गूय टाकून. चहाची तलफ हाये ना, मंग काय करतीन?"

कुंदानं मायकडे पाहिलं. मग गवताकडे. मग एक पान ओढून चुरगळलं आणि हुंगलं. आणि ती तशीच पळत ओट्यावर गेली.

"आबा! गवती चहाचा करू? उकाळ्यातला? आलं घालून, गूळ घालून!"

आबा उभेच राहिले. पण छगन नाना आता काटेकोर झाले होते. पोटभर केक खाऊन त्यांना धर्म आठवला होता. "नावात चहा हाये, कौतिक. गवती *चहा*. पाय बाबा."

"ते गवत हाये, नाना."

"मंग लोकं चहा काऊन म्हनतात?"

आबांनी मायकडे बोट केलं. "हिनं काशीले रामफय सोडलं. मंग रामाचं नाव घ्यायचं सोडलं का हिनं? सकाय-संध्याकाय राम राम करते!"

ओट्यावर असा हशा पिकला की बांधलेली वासरं दचकली. छगन नानांनी दोन्ही हात जोडले. "कर वं कुंदे, कर. मले बी ठेव एक."

करायचं खरं, पण कशात? ओव्हन वरणगावला राहिला होता, आणि आणला असता तरी खिरवाडीत दिवसा वीज टिकेल तर शपथ. लांबट डबा मात्र होता. कुंदानं विचार केला, ओव्हनात तरी काय असतं? खालून ऊब, वरून ऊब. तिनं भावाला नदीवर पिटाळलं वाळू आणायला. लग्नाच्या स्वयंपाकाचं मोठं पातेलं माळ्यावरून निघालं. संध्याकाळी मायनं गवती चहा, आलं आणि गूळ घालून उकाळा केला, लतावहिनीनं सुकी केळी चिरली, कुंदानं ती गरम उकाळ्यात भिजत घातली. गल्लीत बातमी पसरायला काय उशीर? दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात, आखाजीच्या गौराई पाहायला जमाव्यात तशा बायका जमल्या.

कुंदा कपाशीच्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घालायला लागली तशी मायनं तिचा हात धरला. "पऱ्हाटीचा जाय भडकतो न् विझतो. खालून करपीन. गवऱ्या लाव, त्यायचा इस्तव शांत असतो."

"माय, तू केक पाहिला तरी होतास का कधी?"

"केक नही पाहला. चूल पाहली."

वाळू तापली. मधोमध पालथी वाटी, तिच्यावर डबा, डब्यात गव्हाच्या पिठाचं, दह्याचं, लोण्याचं आणि उकाळ्यातल्या केळ्यांचं पीठ. मैदा घरात नव्हता, म्हणून वस्त्रगाळ कणीक घेतली होती. खायचा सोडा सगळ्यांत शेवटी पडला, आणि पीठ फसफसलेलं पाहून बायकांनी 'आऽऽ' केलं. पातेल्यावर परात झाकली, परातीवर मायनं चिमट्यानं निखारे रचले.

आणि मग खरी परीक्षा सुरू झाली, कारण ह्या ओव्हनाला काच नव्हती. आत काय चाललंय काही कळेना. "उघडून पाय ना," असं एक म्हणे, लगेच दुसरी म्हणे, "पाय पाय!" कुंदा पातेल्यासमोर हात पसरून उभी राहिली. "नाही! कोणी हात लावायचा नाही! मूल झोपलंय समजा!"

आबा अंगणाच्या दारात उभे होते. आत यायचे, बाहेर जायचे, पुन्हा आत यायचे. "झालं का?" "नाही, आबा." मळ्यात मोटर बघायला म्हणून गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. "झालं का?" मायनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खाली उकिडवे बसले.

मग वास आला. आधी आलं, मग गवताचा तो लिंबासारखा हिरवा वास, आणि त्यांच्या मागून गूळ आणि लोणी. कुंदानं मायकडे पाहिलं. मायनं वास घेतला, मान हलवली. "आता काढ."

निखारे बाजूला केले, परात उचलली. वाफेचा लोट आला, आणि तो विरला तेव्हा डब्यात केक उभा होता. वरून तांबूस, एका बाजूला जरा जास्तच लाल, मधोमध चीर. गोधडीचा दाभण खुपसला, कोरडा निघाला. मायनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की कुंदा पुढे झोकांडली, आणि दोघी हसायला लागल्या, हसताना एकमेकींचे हात काही सुटेनात.

निवेपर्यंत थांबायला आबा तयार नव्हते. कुंदानं पहिला काप पाडला, बुडाला थोडा करपला होता, ती कड काढून टाकायला लागली तर आबा म्हणाले, "राहू दे." त्यांनी काप हातात घेतला, मिशा वर सारल्या, डोळे मिटले आणि घास घेतला.

आबा सावकाश चावत होते. गिळल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि छगन नानांकडे पाहिलं.

"नाना, इचार."

"काय इचारू?"

"काल मी तुले इचारलं तसं. कसं लागते, इचार."

"कसं लागते?"

आबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी त्यांनी कुंदाच्या डोक्यावर हात ठेवला, आल्या-गुळाचा चिकट हात, आणि म्हणाले, "आनखी एक दे, सांगतो."

त्या दिवशी आबांनी किती काप खाल्ले हे मायनं कोणाला सांगितलं नाही. पण गल्लीतल्या बायकांनी मात्र कुंदाला सोडलं नाही. उद्या आमच्या घरी, परवा आमच्या घरी. कुणाकडे वाळलेली बोरं होती, कुणाकडे खारीक, मंजुळाकाकूंनी तर चहाचाच हवा म्हणून हट्ट धरला, त्यांनी काशीला दोडका सोडला होता. कुंदाला आखाजीच्या झोक्यावर बसायलाही फुरसत मिळेना. ठरलेले चार दिवस होऊन गेले, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

लीलाधर न्यायला आला तेव्हा घरी कोणी नव्हतं. ओट्यावर एकटे छगन नाना गवती चहाची पाती मोजक्या लांबीची कापत बसले होते. त्यांनी हातानंच वाट दाखवली: पुढे जा, मग डावीकडे, जिकडून वास येईल तिकडे. लीलाधर वासामागं गेला. तिसऱ्या घराच्या अंगणात बायकांचा घोळका, मध्ये धूर, आणि धुरात पदर खोचलेली, कपाळाला राख लागलेली त्याची बायको एका पातेल्याभोवती हात पसरून उभी.

"अहो, आलात!" ती आनंदानं ओरडली. "बरं झालं! हा पुठ्ठा धरा आणि इथे वारा घाला. पण हळू, आणि झाकणाला हात लावू नका!"

लीलाधरनं पिशवी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि निखाऱ्यांसमोर बसला.